स्कॅनर घ्यायचाय, खरं कुठला?

पत्र:

काका, सा. न. वि. वि.

माझं वय २६. बेळगावात उद्यमबागेकडच्या एका गॅरेजात पाच वर्षं काम केलं. आता निपाणी-चिकोडी रस्त्याला स्वतःचं शेड घातलंय. पहिल्याच महिन्यात नाक कापलं गेलं. एका गिऱ्हाइकाच्या पेट्रोल गाडीची चेक लाइट पेटत होती. मित्राच्या छोट्या स्कॅनरवर, म्हणजे गाडीला जोडून फॉल्ट वाचायच्या मशीनवर, पी ०१७१ हा कोड आला, ‘लीन’ (पेट्रोल कमी, हवा जास्त) म्हणून. मोबाइलवर बघितलं तर ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणून लिहिलेलं. बदलला, साडेचार हजार घेतले. चौथ्या दिवशी लाइट परत. गिऱ्हाईक दारात येऊन चार माणसांत बोलून गेलं. आता हुबळीचा एक विक्रेता मागं लागलाय, ८५ हजारांचा टॅबवाला स्कॅनर घे, थोडे आता दे, उरलेले हप्त्यानं. मित्र म्हणतो, सातशे रुपयांचं ब्लूटूथचं डबडं बस्स आहे. पतसंस्थेतून ६० हजार मंजूर झालेत. माझ्याकडं मारुतीच्या जुन्या-नव्या गाड्या येतात, सीएनजीच्या वॅगनार, बोलेरो पिकअप, टाटा एस, थोड्या बीएस-६ डिझेल. इंजिनचा फॉल्ट हुडकायला नेमकं काय घेऊ? एकेरीच बोला, मुलासारखा आहे.

– एक वाचक, निपाणीजवळून

उत्तर:

बाळा, आधी एक सांग. तो काढलेला जुना सेन्सर ठेवलायस की भंगारात टाकलास? टाकला असशील तर जाऊन हुडकून आण. माझ्या अंदाजानं तो चांगला होता.

पी ०१७१ म्हणजे काय ते बघ. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या तोंडाशी बसून ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवत असतो की जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन जास्त उरलाय का कमी. जास्त उरला की ईसीएम इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो, म्हणजे पेट्रोल वाढवतो. वाढवत वाढवत हद्दीला टेकला तरी सेन्सर ‘अजून उरलाय’ म्हणतच राहिला, की ईसीएम हात टेकतो आणि लाइट लावतो. कोड सांगतो ते एवढंच. हवा कुठून चोरून आत येतेय, का पेट्रोल कमी पडतंय, का सायलेन्सरचा जॉइंट फुटून बाहेरची हवा सेन्सरपाशी शिरतेय, यातलं कोडला काही ठाऊक नसतं. तुझा सेन्सर बिचारा निरोप्या होता. तू निरोप्या बदललास. नव्यानं चौथ्या दिवशी तोच निरोप आणला.

म्हणून त्या विक्रेत्याला ‘हे मशीन काय काय करतं’ असं विचारूच नकोस. तो दोन तास बोलेल आणि चहा तुझ्या खात्यावर पिऊन जाईल. स्वतःला विचार, हे हत्यार हातात असतं तर कुठला चांगला पार्ट बदलायचा मी वाचलो असतो? हा प्रश्न घेऊन यादी लावायला बसलास की पहिला नंबर स्कॅनरचा लागत नाही. मीटरचा, म्हणजे मल्टिमीटरचा लागतो.

हसशील खरं ऐक. १५-१६ वर्षं झाली असतील. खानापूरकडची एक डिझेल गाडी ऐन पावसाळ्यात माझ्याकडं आली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, चालू व्हायचं नाही. आणि कधी एका दमात चालू. कोड पी ०३३५, क्रँक सेन्सरचा. आधीच्या गॅरेजानं सेन्सर बदललेला होता. सांगायला लाज वाटते, मीही दुसरा बदलला. गाडी जशीच्या तशी. तिसऱ्या दिवशी सुचलं म्हणून मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर धरली, लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर आणि पोराला म्हटलं, मार सेल्फ. मीटरवर दीड व्होल्ट! तिथं ०.२ च्या आसपास यायला पाहिजे. अर्धा आला तरी मी नट खोलून बघतो. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी वरून बरी दिसत होती, टोकाचा लग (नटाखालचं कडं) काढला तर आत सगळं हिरवं. सेल्फला शेकड्यांनी अँपिअर लागतात. त्यांना परतीची मोठी वाट मिळाली नाही की ते वायरिंगमधल्या बारीक अर्थमधून घुसतात आणि नेमकं सेल्फ मारतानाच ईसीएमचा हिशेब चुकतो. पट्टी नवी घातली, गाडी चालू. दोन सेन्सरचे पैसे कुणी भरले ते विचारू नकोस.

याला व्होल्टेज ड्रॉप काढणं म्हणतात, आणि हे दोन अडीच हजारांच्या मीटरवर होतं. मीटर घेताना तीन गोष्टी बघ. आतला रेझिस्टन्स १० मेगाओहम असला पाहिजे, नाहीतर सेन्सरच्या नाजूक वायरवर मीटर लावल्यानं रीडिंगच बदलतं. मिन-मॅक्सचं बटण असावं, म्हणजे सेल्फ मारताना बॅटरी कुठपर्यंत खाली गेली ते एकट्यालाही बघता येतं. आणि १० अँपिअरच्या भोकाला आत फ्यूज असावा. त्या भोकातून सेल्फचा करंट मोजायला जाऊ नकोस. माझ्या एका पोरानं ते केलं आणि मीटरच्या वायरी वेण्यांसारख्या जळाल्या.

आकडे पाठ करून ठेव. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर आधी बॅटरी, मग बाकीचं. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. नव्या गाड्यांत अल्टरनेटर ईसीएमच्या हुकमानं चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथं जरा खाली दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नको. हेडलाइट, ब्लोअर लावून परत बघ. मॅपसारख्या (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) बऱ्याच सेन्सरना पाच व्होल्टचा पुरवठा असतो. तो पाच नसेल तर सेन्सर बदलून काहीच होणार नाही. हे बघायला वायरचं कातडं टोचू नको. आपल्याकडच्या पावसात त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तांबं हिरवं होऊन नवाच फॉल्ट जन्माला येतो. शिंप्याच्या बारीक टाचण्या आण आणि कनेक्टरच्या मागून, रबराच्या कडेनं घाल.

मीटरची एक खोड मात्र लक्षात असू दे. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी मीटर मजेत १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. म्हणून ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब घे, होल्डरला दोन वायरी आणि चिमटे लाव. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. पंपाच्या, फॅनच्या, हेडलाइटच्या वायरीवर तो लख्ख पेटला तर वायर शाबूत. मिणमिणला तर वायर, फ्यूजबॉक्स किंवा रिले बघ, नवा पंप मागवू नकोस. पन्नास रुपयांचं हत्यार आहे आणि माझ्या हातानं त्यानं किती फ्युएल पंप वाचवले असतील याचा हिशेब नाही. खरं हा बल्ब ईसीएमच्या किंवा सेन्सरच्या वायरीला कधीही लावायचा नाही. तेवढा करंट ओढला तर ईसीएम जाईल आणि त्याची किंमत तुझ्या पतसंस्थेच्या रकमेत बसायची नाही.

बॅटरी उतरण्याच्या तक्रारी येतातच, त्यासाठी क्लॅम्प मीटर घे. तो डीसी अँपिअर मोजणारा पाहिजे. घरगुती इलेक्ट्रिकचं सामान विकणारा एसीवालाच गळ्यात मारेल, खोक्यावर वाचून घे. लहान रेंज असलेला घे, कारण झोपलेल्या गाडीचा करंट ५० मिलीअँपिअरच्या आत असतो आणि मोठ्या रेंजवर तो दिसतच नाही.

आता स्कॅनर. तुझा मित्र अर्धा बरोबर आहे. भारतात ओबीडी-२ चा, म्हणजे गाडीनं आपले फॉल्ट ठरलेल्या एकाच पद्धतीनं सांगायचा, नियम बीएस-४ गाड्यांना १ एप्रिल २०१३ पासून लागला. त्यानंतरच्या गाडीला तो ब्लूटूथवाला जोडला की इंजिनचे कोड आणि चालू आकडे मोबाइलवर येतात. त्याच्या आतल्या चिपचं नाव ईएलएम ३२७. मूळ कॅनडाच्या कंपनीची, बाजारात मिळतात त्या बहुतेक नकला. खोक्यावर ‘व्हर्जन १.५’ लिहिलेलं असतं, आणि गंमत म्हणजे त्या कंपनीनं १.५ कधी काढलंच नव्हतं. तरी एक घेऊन ठेव, खिशात मावतो. मात्र गिऱ्हाइकाच्या गाडीत रात्रभर विसरू नको, कारण तो ज्यात घालतात त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला चावी काढली तरी करंट असतो. जुन्या मारुतींना सॉकेट तसंच दिसतं, पण आतली बोली कंपनीची स्वतःची असते. तिथं हा मुका राहतो. मेकॅनिकल पंपाची जुनी बोलेरो किंवा जुना टाटा एस असेल तर ईसीएमच नाही, स्कॅनर कशाला जोडणार?

नव्या गाडीलाही स्कॅनर लागत नसेल तर लगेच ‘ईसीएम गेला’ म्हणू नको. मीटर घे. १६ आणि ४ नंबरच्या पिनमध्ये १२ व्होल्ट आहेत का? पुष्कळ गाड्यांत सिगारेट लायटरचा आणि या सॉकेटचा फ्यूज एकच असतो. कुणीतरी मोबाइल चार्जर घालून तो उडवलेला असतो. ते ठीक असेल तर बॅटरीची वायर काढ आणि ६ व १४ मध्ये रेझिस्टन्स बघ. ६० ओहमच्या आसपास आला तर कॅनची जोडी, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यावरून आपसांत बोलतात त्या दोन वायरी, धड आहे. १२० आला तर एका बाजूची वायर किंवा मॉड्यूल तुटलंय.

तुझ्यासारख्या शेडला खरा उपयोगी पडतो तो मधला स्कॅनर, १५ ते २० हजारांतला, ज्याच्या मेनूत मारुती, टाटा, महिंद्रा, ह्युंदाई ही नावं वेगळी आहेत. बाहेरून आलेल्या कितीतरी मशीनमध्ये युरोपातल्या गाड्या ढिगानं आणि आपली बोलेरो गायब. घेण्यापूर्वी तुझ्या शेडमध्येच जोडून दाखव म्हणावं. त्यात आकड्यांचा ग्राफ दिसला पाहिजे आणि फ्रीझ फ्रेम वाचता आली पाहिजे. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन गरम का गार, लोड किती, हे ईसीएम टिपून ठेवतो. गिऱ्हाईक ‘कधीपण होतं की ओ’ म्हणतं, फ्रीझ फ्रेम सांगते की गार इंजिनवर, आयडलला. म्हणून गाडी आली की आधी सगळं वहीत उतरव. कोड पुसला की हे टिपणही पुसलं जातं. तू त्या दिवशी आधी कोड पुसलास ना? मलाही पोरपणी तीच खोड होती.

आणि या स्कॅनरवर सगळ्यात जास्त बघायचा तो आकडा फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीएमनं पेट्रोल किती टक्के वाढवलंय किंवा कमी केलंय त्याचा. शॉर्ट (आत्ताचा) आणि लाँग (मागून साठत आलेला), दोघांची बेरीज कर. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर इंजिन सुखी. अधिक २०, २५ असेल तर ईसीएम पेट्रोल ओततोय. हा आकडा दोनदा घे. इंजिन पुरतं गरम झाल्यावर एकदा आयडलला, एकदा २५०० आरपीएमला धरून. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत आयडलला जास्त आणि रेस केल्यावर कमी झाला, तर इनटेकला हवा ओढतेय: गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, कुठलातरी चिरलेला रबरी पाइप. उलट रेसला, चढाला वाढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एमएएफ मळलाय.

इथं थांब, कारण पुष्कळ पोरं इथंच घसरतात. तुझ्याकडच्या बऱ्याच लहान मारुतींत एमएएफ नसतो, मॅप असतो. तिथं इनटेकनं हवा ओढली तर मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीएम त्या दाबावरून पेट्रोलही वाढवतो, आणि ट्रिम फारसा हलतच नाही. आयडल मात्र चढलेलं राहतं. म्हणून मॅपच्या गाडीत पी ०१७१ आला की मी आधी फ्युएल प्रेशर बघतो, मग इंजेक्टर, आणि सेन्सरच्या आधीचा सायलेन्सरचा जॉइंट. गोव्याच्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी असेल तर जॉइंटवरूनच सुरुवात करतो.

आकडा ‘वाईट’ ठरवण्याआधी आपण कुठं उभे आहोत ते विसरू नको. इंजिन चालू न करता नुसती चावी दिली की मॅप सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मडगावात तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर, इथं ९२-९३ येतो. तुझ्याकडं निपाणीला किंचित जास्त. पुस्तकातले १०१ वाचून बेळगावात चांगले मॅप सेन्सर बदललेले मी बघितलेत. व्हॅक्यूम गेजचं तेच. डायलवर १७ ते २१ इंच हिरव्या पट्ट्यात असतं, खरं दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. आपल्याकडं १५ ते १८ आला तर इंजिन ठणठणीत आहे. चोर्ला घाट उतरून गेलेली गाडी खाली दोन इंच ‘सुधारते’, त्यात मिस्त्रीची काही कर्तबगारी नसते.

आणि दुसरं तुझ्या शेडच्या चारी बाजूंना उभं आहे, ऊस. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याला हवा कमी लागते. नुसत्या पेट्रोलला एका किलोला १४.७ किलो हवा, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. १० टक्क्यांच्या हिशेबानं बनलेल्या गाडीत नुसत्या या बदलानं ट्रिम चार-पाच टक्के वर दिसतो. तेवढ्यानं घाबरायचं नाही. मात्र आधीच काठावर असलेली गाडी, म्हणजे अर्धवट चोंदलेला फिल्टर, दमलेला पंप, तेवढ्यानंच हद्द ओलांडू शकते. तुझ्या गिऱ्हाइकाचं तसंच झालं असेल तर मला नवल वाटणार नाही.

सीएनजीच्या वॅगनारला एक फुकटचं हत्यार आहे, तिचं दुसरं इंधन. पेट्रोलवर चालवून ट्रिम घे, मग गॅसवर घे. दोन्हीवर मिस मारतेय तर प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन. नुसत्या गॅसवर मारतेय तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅस इंजेक्टर. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटचा ईसीएम वेगळा असतो, त्याची केबल आणि सॉफ्टवेअर वेगळं. तसल्या गाड्या किटवाल्याकडंच धाडून दे, सध्या.

डिझेलचं सांगतो. तवंदी घाट चढताना दम तोडणारी पिकअप तुझ्याकडं येणारच. तू घाटाच्या पायथ्यालाच बसलायस. बहुतेक वेळा पी ००८७ असतो, रेल प्रेशर (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतला दाब) कमी, आणि गिऱ्हाइकाला कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं की पंप गेला. सपाटीवर शेडमध्ये रेस करून काही कळत नाही. गाडीत माल असतानाच शेजारी बस, ड्रायव्हरला घाट चढवू दे, तू स्कॅनरवर दोनच आकडे लाव: ईसीएमनं मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं. मागतोय १२०० बार, मिळतायत ८००, आणि चढ जसा वाढेल तशी दरी रुंदावतेय, असं दिसलं तर आधी फिल्टर बदल. पंपाकडं येणाऱ्या नळीत हातभर पारदर्शक पाइप घालून बुडबुडे येतात का बघ. मग इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोड; एक बाटली बाकीच्यांपेक्षा झरझर भरली तर तो इंजेक्टर गळतोय. एवढं सगळं धड निघालं तरच पंपाचं नाव काढायचं. माझ्याकडं आलेल्या ‘पंप गेलेल्या’ गाड्यांत फिल्टरवर भागलेल्या कितीतरी होत्या.

एक गोष्ट दटावून सांगतो. कॉमन रेलची हाय प्रेशरची नळी चालू इंजिनवर सैल करायची नाही, गळती हातानं चाचपायची नाही. तिथं हजार-दीड हजार बार असतात. सुईच्या टोकाएवढी धार कातड्यातून डिझेल आत सोडते, वरून नुसता टिपका दिसतो, दुखतही नाही लगेच. तसं कधी झालं तर घरी हळद लावत बसू नको, तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि काय झालं ते स्पष्ट सांग.

कॉम्प्रेशन गेज दोन लागतील. पेट्रोलचा गेज डिझेलवर लावलास तर काटा पहिल्याच फटक्याला वाकेल, कारण पेट्रोल इंजिनमध्ये १० ते १३ बार येतात आणि डिझेलमध्ये २० ते ३०, कधी त्याहून वर. प्लग सगळे काढ, इंजेक्टर-कॉइलचे कनेक्टर सोड, थ्रॉटल पुरता उघडा, बॅटरी भरलेली. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांत फरक किती ते बघ. सगळ्यात कमी तो सगळ्यात जास्तीच्या पाऊण हिश्शाखाली गेला तर दुखणं आत आहे, मग कॉइल-प्लग बदलत बसण्यात अर्थ नाही. पेट्रोल इंजिनमध्ये त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून परत मोज: वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व. शेजारशेजारचे दोन एकदम कमी असले तर हेड गॅस्केट. डिझेलमध्ये ऑइल घालून बघायचं धाडस करू नको.

आता ८५ हजारांचा टॅब. मशीन वाईट नाही. तो नुसता वाचत नाही, गाडीला हुकूमही सोडतो: फॅन चालू कर, इंजेक्टर बंद कर, ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व) उघड. कॉमन रेलमध्ये नवा इंजेक्टर बसवला की त्याच्यावर छापलेला कोड ईसीएमला भरावा लागतो, तो याच्यानं होतो. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरात काजळी साठवणारा डीपीएफ असतो. शेत ते घर, घर ते बाजार अशा तुटक फेऱ्यांनी तो गरमच होत नाही आणि चोंदतो. मग उभ्या गाडीत रीजनरेशन करायला, म्हणजे ती काजळी तापवून जाळायला, असाच स्कॅनर लागतो. (करशील तेव्हा गाडी पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नको. आत सहाशे अंशांच्या घरात तापतं. फडाला आग लागली तर स्कॅनरचे हप्ते राहू देत बाजूला.)

प्रश्न एवढाच की महिन्यात अशा गाड्या किती येतात? तूच लिहिलंयस, ‘थोड्या’. विक्रेत्याला विचार की वर्षाचं अपडेट किती रुपयांचं आणि ते नाही भरलं तर मशीन जुन्या गाड्यांवर चालू राहतं की कुलूपबंद होतं. बिघडलं तर दुरुस्तीला कुठं धाडायचं, तेही. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा. सध्या असल्या गाडीला बेळगावच्या किंवा संकेश्वरच्या एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलाव, त्याचे पाचशे-हजार दे आणि बिलात लाव. वहीत नोंद ठेव. महिन्याला आठ-दहा वेळा बोलवावं लागायला लागलं की तुम्ही दोघं-तिघं गॅरेजवाले मिळून टॅब घ्या. ऑसिलोस्कोप, स्मोक मशीन ही नंतरची गोष्ट.

तेव्हा आजच्या भावानं असं बसतं: मीटर अडीच हजार, डीसी क्लॅम्प चार, बल्ब आणि टाचण्या शंभर, मधला स्कॅनर १८ च्या आसपास, ब्लूटूथवाला सातशे, दोन्ही कॉम्प्रेशन गेज मिळून सहा-सात, फ्युएल प्रेशर गेज दोन, व्हॅक्यूम गेज हजार. ३५ हजारांत आटपतं. पतसंस्थेकडून तेवढेच उचल, मंजूर झालेत म्हणून साठ उचलायचे नसतात. आणि तपासणीचे पैसे वेगळे घ्यायला आतापासून शीक, दोनशे-तीनशे का असेनात. तपासणी फुकट आणि पैसे पार्टमध्ये, असं चाललं की हात आपोआप पार्टकडं जातो.

त्या गिऱ्हाइकाला आधी फोन कर, वाट बघायला लावू नको. आपला सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आपल्याला थांबायची सवय झाली, गाडीवाल्याला नसते. सांग की परत बघतो, मजुरी घेत नाही. इंजिन गरम झालं की ट्रिम दोन्हीकडं घे. मग फ्युएल प्रेशर. इंजेक्टरच्या रेलवर गेज लावायचा पोर्ट नसेल तर पेट्रोलच्या नळीत टी जोडून. साधारण तीन ते चार बार पाहिजे आणि रेस केल्यावर ढासळता कामा नये. प्रेशर बरोबर असेल तर गार इंजिनवर सायलेन्सरचा जॉइंट बघ, काळा ओघळ असतो. नळीनं एअर क्लीनरपाशी कार्ब क्लीनरचा एकच फवारा मारून ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्ट बघ. साध्या चार वायरच्या सेन्सरमध्ये तो झटकन ०.८ च्या वर गेला तर सेन्सर जिवंत. फवारा तापलेल्या सायलेन्सरवर जाऊ देऊ नको आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेव.

हीच परीक्षा मग त्या जुन्या सेन्सरचीही घे. पास झाला तर नवा काढून दुकानदाराला परत घेतो का विचार. बहुतेक नाही म्हणेल. तरी गिऱ्हाइकाला जुना दाखव आणि काय झालं ते सरळ सांग, पुढच्या कामात रक्कम वळती करून दे. आणि मला आयडलचा, २५०० चा ट्रिम आणि फ्युएल प्रेशर, असे तीन आकडे लिहून पाठव. गाडीत एमएएफ आहे का मॅप, तेही लिही. गेल्या पत्रात लिहिलं नाहीस.